पंचनामा घराचा, पडझड इमारतीची: सोलापुरातल्या एका घरकुल वसाहतीचं प्रकरण

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी सोलापूरच्या पूर्व भागाला वळवाचा तडाखा बसला. वारं वीस-पंचवीस मिनिटं, पाऊस त्याहून थोडा जास्त. एका घरकुल वसाहतीतल्या तळमजला अधिक तीन मजले अशा इमारतीच्या गच्चीवरचं पत्र्याचं शेड सांगाड्यासकट उचकटलं आणि समोरच्या बैठ्या घरांवर जाऊन पडलं. जाता जाता गच्चीचा कठडा, पाण्याच्या टाक्या आणि विजेची तार घेऊन गेलं. एका माणसाच्या पायाला टाके पडले. जीवितहानी झाली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी आली. पुढचं वर्षभर त्या चार ओळींचे कागद होत राहिले.

ते कागद मी पाहिले, त्यातले काही अर्ज मीच लिहून दिले; त्यामुळे हे टिपण तटस्थ नाही. वसाहतीचं, ती बांधणाऱ्या यंत्रणेचं आणि ठेकेदाराचं नाव मुद्दाम देत नाही. नावं दिली की चर्चा माणसांवर जाते, आणि या प्रकरणात बहुतेकांनी आपापलं काम नियमाप्रमाणेच केलं. तरीही इमारत अख्खा पावसाळा उघडी राहिली. हे कसं झालं, तेवढंच सांगायचं आहे.

इमारत आणि तिच्यातली माणसं

एका मजल्यावर आठ, अशी एकूण ३२ घरं. एक खोली, स्वयंपाकाची जागा, संडास-न्हाणी. निम्म्याहून अधिक घरांत बायका विड्या वळतात. पुरुष यंत्रमागावर, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात किंवा बांधकामावर. घराघरांत तेलुगू बोललं जातं, जिन्यात मराठी. घर मिळालं तेव्हा प्रत्येकाच्या हाती एक ताबापत्र आलं. काहींचे करारनामे झाले, काहींचे व्हायचे राहिले. काही मूळ लाभार्थी घर भाड्यानं देऊन गावाकडे गेले, जे नियमात बसत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं. सहकारी गृहनिर्माण संस्था करायची असं पहिल्या वर्षीच ठरलं होतं, वर्गणीही जमली होती, पण नोंदणी झाली नाही. जमीन कागदावर अजून बांधणाऱ्या यंत्रणेच्याच नावावर.

सोलापूरला हे नवीन वाटू नये, पण इथे एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. कुंभारीजवळची गोदूताई परुळेकर विडी कामगारांची वसाहत, दहा हजार घरांची, २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते लोकार्पण झालेली. तिच्याच शेजारचं रे नगर, तीस हजार घरांचं नियोजन आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लोकार्पण. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या या दोन्ही ठिकाणी सभासदांची सहकारी संस्था आधी होती, घर नंतर आलं. संस्था असली की भांडणं होतात, निवडणुका होतात, हिशेबावरून आरडाओरडा होतो. पण कागदावर सही करायला कुणीतरी असतं. आपल्या इमारतीत घर आधी आलं आणि संस्था आलीच नाही. वादळाआधी या गोष्टीनं कुणाचं काही अडत नव्हतं.

शेड आलं कुठून

मूळ नकाशात गच्चीवर शेड नव्हतं. राहायला आल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत तिसऱ्या मजल्याच्या छतातून पाणी गळायला लागलं. तक्रारी झाल्या. गच्चीवरचा कोबा काढून नव्यानं जलरोधक थर देण्यापेक्षा वर पत्रे टाकणं स्वस्त आणि झटपट, म्हणून यंत्रणेनं दुरुस्तीच्या पैशातून शेड उभारून दिलं. लोकांना ते फार आवडलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या गच्चीची सावली मिळाल्यावर वरच्या मजल्यावरची घरं राहण्यासारखी झाली. लग्नाची हळद, बारसं, विडीची पानं सुकवणं, सगळं तिथेच.

हे शेड चारही बाजूंनी उघडं होतं. उघड्या शेडवर वारा दुहेरी काम करतो: खालून शिरून पत्र्याला वर ढकलतो आणि वरून जोरात वाहताना ओढ निर्माण करून पत्र्याला वरच खेचतो. कडांवर आणि कोपऱ्यांवर ही ओढ सगळ्यात जास्त. म्हणजे इथे पत्र्याचं वजन पेलायचा प्रश्न दुय्यम, त्याला खाली धरून ठेवायचा प्रश्न मुख्य. भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग नेमका याच हिशेबासाठी आहे. पडलेला सांगाडा नंतर पाहिला तर हुक बहुतेक जागच्या जागी होते, पत्रेही पाईपांना धरून होते. सुटले होते ते खांब. खांबांच्या तळपट्ट्यांचे बोल्ट स्लॅबमध्ये गेलेलेच नव्हते. वरच्या कोब्यातच बसवले होते. विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंटचा तो थर, त्यातून बोल्ट उपटून यायला फारसं बळ लागत नाही. त्यामुळे शेड सुटं-सुटं न उडता एकसंध उडालं. कडेचा पाईप कठड्याला टेकवलेला होता आणि कठडा साडेचार इंची विटांचा, मध्ये एकही आरसीसी खांब नसलेला. तो बाहेरच्या बाजूला कोसळला, थोडा जिन्यावर.

वसाहतीतल्या एका वेल्डरनं हे मला पाचव्या मिनिटाला दाखवलं. सरकारी तपासणीच्या टिपणीत याबद्दल "वादळी वाऱ्यामुळे शेड उडाले" एवढंच आहे. ते खोटं नाही. पण पुढे ठेकेदाराची जबाबदारी ठरवायची वेळ आली तेव्हा कोबा की स्लॅब, हा एकच प्रश्न महत्त्वाचा होता, आणि तोवर सांगाडा भंगारात गेला होता.

पहिले तीन दिवस

पहिल्या रात्रीचं काम चोख झालं. अग्निशमन दलानं रस्त्यावरचे पत्रे कापून बाजूला केले, वीज तोडली गेली, जखमीला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या मजल्यावरची कुटुंबं खालच्या घरांत झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकप्रतिनिधी येऊन गेले, "एकही कुटुंब मदतीपासून वंचित राहणार नाही" असं म्हणून गेले.

दुपारी महसूलचे कर्मचारी पंचनाम्याला आले. हे मी ठळकपणे नोंदवतो, कारण तलाठ्याला शिव्या घालणं सोपं असतं: पूर्ण प्रकरणात सगळ्यात आधी, कागदपत्रांसह आणि उन्हात उभं राहून काम केलं ते याच माणसानं. फोटो, पंचांच्या सह्या, आधार, बँकेचं पासबुक. प्रश्न त्याच्या तक्त्यात होता. तक्त्यातला पहिला रकाना घरमालकाचं नाव. दुसरा घराचा प्रकार: पक्कं, कच्चं की झोपडी. मग पडझड पूर्ण की अंशतः, आणि अंशतः असेल तर किती टक्के.

"भाऊसाहेब, घर माझं आहे, पण गच्ची कुणाची लिहायची?" तिसऱ्या मजल्यावरच्या एका अक्कांनी विचारलं.

"गच्चीला रकानाच नाही, अक्का."

यापुढचं सगळं प्रकरण या दोन वाक्यांत आलेलं आहे, म्हणून ती जशीच्या तशी लिहिली.

पंधरा टक्क्यांचा हिशेब

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून कुणाला किती मदत द्यायची याचे निकष केंद्र ठरवतं. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे निकष राज्यानं मार्च २०२३ मध्ये लागू केले आणि आपलं वादळ त्याच काळातलं. त्यानुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या किंवा राहण्याजोग्या न उरलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये. अंशतः पडझड किमान १५ टक्के असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० रुपये. पंधरा टक्क्यांच्या खाली काही नाही.

आधी एक लहानसा अडथळा होता. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे. वळवाचं वादळ नाही. पण राज्यांना आपल्या स्तरावर काही आपत्ती जाहीर करून निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम त्यावर खर्चता येते, आणि महाराष्ट्रानं अवकाळी पाऊस, वीज पडणं अशा आपत्ती त्यात घेतलेल्या आहेत. त्यामुळे पंचनाम्यात "अवकाळी पावसासह वादळी वारे" असं लिहिलं गेलं आणि गाडी पुढे सरकली. तिथे कुणी खोच काढली नाही.

मग टक्के. अभियंत्यानं प्रत्येक घरात जाऊन पाहिलं. तळमजला, पहिला, दुसरा: घराच्या आत काहीच मोडलेलं नाही, शून्य टक्के. तिसरा मजला: छताला ओल, एका घराच्या खिडकीचा सज्जा तुटलेला, दोन घरांच्या बाहेरच्या भिंतीला तडे. पाच टक्के, सात टक्के, कुठे दहा. म्हणजे पहिल्या यादीत ३२ पैकी एकही घर मदतीला पात्र नाही. आणि त्याच वेळी इमारतीला कठडा नव्हता, जिन्याचं वरचं वळण ढिगाऱ्यानं बंद होतं, टाक्या नव्हत्या, वीज नव्हती. खालच्या मजल्यावरची लेकरंसुद्धा जिन्याखालून जायला घाबरत होती.

आता हिशेब तिन्ही बाजूंनी करून पाहू. प्रत्येक घर वेगळं धरलं, जसं पंचनाम्यात धरलं, तर मदत शून्य. कठडा, जिना, गच्ची, टाक्या यांत प्रत्येक घराचा अविभाज्य हिस्सा असतो (अपार्टमेंटच्या कायद्यात ही कल्पना १९७० पासून आहे) असं मानून सामाईक भागाचं नुकसान वाटून टाकलं आणि पडझड पंधरा टक्क्यांवर गेली, तर ३२ गुणिले ६,५०० म्हणजे २ लाख ८ हजार. आणि पायथ्यापासून वरपर्यंत ही इमारत तूर्त राहण्याजोगी नाही असं कुणी अधिकारानं म्हटलं असतं तर ३२ गुणिले १ लाख २० हजार, म्हणजे ३८ लाख ४० हजार. इमारत तीच, वारा तोच. मी तिसरा आकडा मागत नव्हतो. इमारत पडलेली नव्हती आणि तसं म्हणणं अप्रामाणिक ठरलं असतं. दुसरा मात्र मागत होतो आणि अजूनही तो रास्त वाटतो.

समोरच्या दोन बैठ्या घरांवर शेड पडलं होतं. त्यांचे पत्रे फाटले, भिंत खचली. त्यांना प्रत्येकी ६,५०० बिनबोभाट मिळाले. चांगलंच झालं. पण ज्यांच्या डोक्यावरचं शेड गेलं ते अपात्र, आणि ज्यांच्या डोक्यावर ते पडलं ते पात्र, हे वसाहतीला काही केल्या पचलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "आम्ही पूर्वी झोपडीत होतो तेव्हा वादळ झालं असतं तर?" उत्तर निकषांतच आहे: ८,००० रुपये. झोपडीतून पक्क्या घरात आलं की अंशतः पडझडीची मदत १,५०० रुपयांनी कमी होते, आणि तीही पंधरा टक्क्यांचं माप ओलांडलं तर. निकष लिहिणाऱ्यांचा तर्क मला कळतो. झोपडी गेली की सगळंच जातं. तरी ही तुलना ज्याची त्याला करू द्यावी, मी त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही.

एक गंमत आणखी. पूर्ण पडलेल्या घराच्या मदतीसाठी अट अशी की घर अधिकृत बांधकाम असल्याचं सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित केलेलं असावं. शहरातल्या कितीतरी लोकांना या अटीपाशी अडायला होतं. सरकारनंच बांधलेल्या घरापेक्षा अधिकृत घर कुठलं असणार? ही इमारत ती अट हसत पार करते आणि पुढच्या पायरीवर अडते.

विडीची पानं

तिसऱ्या मजल्यावर पाणी उतरलं ते पलंगावर, गाद्यांवर आणि विडीच्या पानांवर. कपडे आणि भांड्यांसाठी निकषांत प्रत्येकी २,५०० रुपये आहेत, पण ते घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त काळ पाण्यात बुडालं तर. छतातून गळलेलं पाणी त्यात बसत नाही.

पानांचं प्रकरण सोलापूरबाहेरच्या वाचकांना सांगावं लागेल. विडी कामगार बाई कारखान्याच्या शाखेतून मोजून पानं, तंबाखू आणि दोरा घरी आणते, घरी विड्या वळते आणि मोजून परत देते. दिलेल्या मालात ठरलेल्या विड्या भरल्या नाहीत तर तूट तिच्या मजुरीतून जाते. भिजून खराब झालेल्या पानाची विडी होत नाही, सादळलेला तंबाखू परत घेतला जात नाही. म्हणजे माल मालकाचा, नुकसान कामगाराचं. हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिरांना कच्च्या मालाच्या नुकसानीसाठी ५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद याच निकषांत आहे. आम्ही त्याखाली अर्ज केला. विडी ही हस्तकला नाही, असं तोंडी उत्तर मिळालं. लेखी मिळालं नाही. नियमानं ते बरोबर असावं. हातानंच वळतात, एवढंच त्यावर बोलता येईल.

शेवटी शाखेच्या मुकादमाशी बायकांनीच बोलून त्या आठवड्याची तूट पुढच्या तीन आठवड्यांत विभागून घेतली. पूर्ण प्रकरणात सगळ्यात जलद सुटलेला प्रश्न हाच.

वीज आणि पाणी

विजेचं उदाहरण या प्रकरणाचा गाभा दाखवतं. खांबापासून मीटरपर्यंतची तार वीज कंपनीची. ती दुसऱ्या दिवशीच जोडून मिळाली. मीटरच्या पुढची, म्हणजे मीटर बोर्डापासून प्रत्येक मजल्यावर जाणारी मुख्य वायर ग्राहकाची. घरातली वायर तर घरमालकाची, पण जिन्यातून जाणारी ही मधली लाईन कुणाची? ती भिजून जळाली होती. संस्था असती तर संस्थेची. संस्था नाही, म्हणून इमारतीच्या मालकाची, म्हणजे बांधणाऱ्या यंत्रणेची. यंत्रणेचं म्हणणं, घरांचा ताबा दिलेला आहे, देखभाल लाभार्थ्यांनी करायची. दोन्ही बाजूंना कागद होता. मे महिन्यात पंखा नसताना असा वाद फार काळ चालत नाही. घरटी वर्गणी काढून वायरमनकडून काम करून घेतलं.

टाक्यांचंही तेच. उजनी धरणाचं पाणी शहरात रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. म्हणून सोलापुरात गच्चीवरची टाकी ही चैन नाही, पाण्याच्या दोन पाळ्यांमधला पूल आहे. टाक्या फुटल्यावर जिन्यावरून घागरी चढवणं सुरू झालं आणि तोही जिना कठड्याविना. टँकरचं पाणी खाली येत होतं, त्यात कुचराई झाली नाही. वर कसं न्यायचं, हे कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं. टाक्याही वर्गणीतूनच आल्या. भाडेकरूंनी वर्गणी द्यायची की घरमालकांनी, यावरून झालेली भांडणं इथे लिहीत नाही.

दुरुस्ती कुणी करायची

मदत आणि दुरुस्ती या सरकारी व्यवस्थेत दोन वेगळ्या वाटा आहेत. मदत कुटुंबाला मिळते. दुरुस्ती मालमत्तेच्या मालकानं करायची. आपत्ती निधीत मोडलेल्या पायाभूत सुविधा तातडीनं सुरू करण्यासाठीही पैसा असतो: रस्ते, पूल, पाणीयोजना, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, पंचायतीच्या सामाईक इमारती. सरकारनं बांधून दिलेल्या निवासी इमारती त्या यादीत नाहीत. म्हणजे ही इमारत घर म्हणून मोजायला गेलं तर नुकसान घराच्या बाहेर झालेलं, आणि सार्वजनिक मालमत्ता म्हणून मोजायला गेलं तर यादीच्या बाहेर. मध्ये उरली ती गच्ची.

यंत्रणेनं ठेकेदाराला पत्र लिहिलं. काम पूर्ण झाल्यावर काही वर्षं दोष निघाला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा, असा दोषदायित्वाचा कालावधी करारात असतो. ठेकेदाराचं उत्तर दोन परिच्छेदांचं: इमारतीचा तो कालावधी संपलेला आहे, शेडचं काम वेगळ्या आदेशानं झालं आणि ते नैसर्गिक आपत्तीत गेलं, सबब जबाबदारी येत नाही. पहिला मुद्दा खरा होता. दुसरा वादाचा होता, कारण त्याच वादळात आजूबाजूची कितीतरी शेडं उभी राहिली होती. तिथे तो कोब्यातला बोल्ट पुराव्यानिशी दाखवता आला असता तर पत्रव्यवहाराला दात आले असते. रहिवाशांच्या मोबाईलमध्ये फोटो होते, पण ते पडलेल्या पत्र्यांचे आणि पुढाऱ्यांच्या भेटीचे. तळपट्टीचा एकही नाही.

जूनचा पाऊस सुरू झाला तेव्हा कठडा तसाच होता. गच्चीच्या दारावर लाल अक्षरांत "धोकादायक, वर जाऊ नये" असा फलक लागला. त्याखालून पाणी रोज आत येत होतं. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा. पहिल्या निविदेला एकही ठेकेदार आला नाही, काम लहान आणि चौथ्या मजल्याच्या उंचीवरचं. मुदतवाढ. कठड्याचं काम पूर्ण झालं तेव्हा दिवाळी उलटून गेली होती.

याला दुसरी वाट नव्हती का? होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, त्याचं कलम ५०: बचाव किंवा मदतीसाठी तातडीची खरेदी वा काम आवश्यक आहे अशी जिल्हा प्राधिकरणाची खात्री पटली तर नेहमीची निविदा प्रक्रिया बाजूला ठेवून ते करण्याचा अधिकार संबंधित खात्याला देता येतो. कोसळू शकणारा कठडा आणि त्याखालून रोज जाणारी ३२ कुटुंबं, याला तातडी म्हणायचं नाही तर कशाला? १४ ऑक्टोबर २०२० ला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत अतिवृष्टीत कोसळून सहा जणांचा जीव गेला. भिंत पडली की काय होतं, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. कलम ५० साठी मागणी करायला हवी ती मालक खात्यानं, आणि आपण मालक आहोत हेच खातं मान्य करत नव्हतं. आम्ही रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज दिला. त्यावर "संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीस्तव" असा शेरा पडून तो पुन्हा यंत्रणेकडेच गेला.

शेड मात्र परत आलं नाही. ते मूळ मालमत्तेच्या नोंदीत कधी चढलंच नव्हतं, म्हणून त्याचं नुकसान दाखवता येईना, आणि नुकसान नाही तर पुनर्बांधणी कसली? गळती पुन्हा सुरू झाली. यावर मला यंत्रणेची बाजूही पटते: तसंच शेड तसंच उभारून पुढच्या मे महिन्यात पुन्हा उडवण्यापेक्षा गच्चीचं जलरोधक काम नीट करणं शहाणपणाचं. पण ते काम वेगळ्या शीर्षाखाली, पुढच्या अंदाजपत्रकात.

फेरपंचनामा

एका गोष्टीला यश आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आठ घरांसाठी आम्ही फेरपंचनाम्याचा अर्ज दिला, आणि त्यात हट्टानं एकच मुद्दा ठेवला: वरच्या मजल्याच्या घराचं छत हा त्या घराचाच भाग आहे, आणि छताचं नुकसान मोजताना खालून ओल पाहून चालणार नाही, वर जाऊन कोबा किती फुटला ते पाहावं लागेल. मंडळ अधिकारी स्वतः गच्चीवर चढले. जिथे तळपट्ट्या उपटल्या होत्या तिथे कोब्याचे मोठे पट्टे निघाले होते आणि काही ठिकाणी स्लॅबची सळई उघडी पडली होती. नवीन मोजणीत आठही घरं पंधरा टक्क्यांच्या वर गेली. आठ गुणिले ६,५००, म्हणजे ५२,००० रुपये थेट खात्यांवर आले. दोन घरांचे पैसे मूळ लाभार्थ्यांच्या खात्यावर गेले आणि आत राहणाऱ्या भाडेकरूंना मिळाले नाहीत; त्यावर कायद्यात काही उपाय मला सापडला नाही.

खालच्या २४ घरांचा, म्हणजे जिना आणि कठड्यातल्या त्यांच्या वाट्याचा अर्ज नामंजूर झाला. कारण लेखी आहे आणि स्वच्छ आहे: "सदर नुकसान वैयक्तिक सदनिकेचे नसून सामाईक भागाचे असल्याने निकषात बसत नाही." मला हे वाक्य उपयोगी वाटतं. सरकारी कागदावर पहिल्यांदा हे मान्य झालं की सामाईक भागाचं नुकसान झालं होतं आणि त्यासाठी मदतीचा एकही निकष नाही.

नामंजुरीचं हेच पत्र जोडून वसाहतीनं दोन गोष्टी केल्या. बांधणाऱ्या यंत्रणेकडे संस्था नोंदणीसाठी लागणारं ना-हरकत पत्र आणि राहिलेले करारनामे लेखी मागितले. करारनामे झाले, नोंदणीचा प्रस्ताव सहायक निबंधकांकडे दाखल आहे. आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला एक निवेदन दिलं, त्यात मागणी दोनच: बहुमजली घरकुलांच्या पंचनाम्यात सामाईक भागासाठी वेगळा रकाना ठेवावा, आणि मालकी हस्तांतरित होईपर्यंत दुरुस्तीची जबाबदारी कुणाची हे वसाहतनिहाय आधीच जाहीर करावं. निवेदनाची पोच मिळाली आहे. गच्चीच्या जलरोधक कामाचं अंदाजपत्रक तयार झालंय असं तोंडी कळलं. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या आठ कुटुंबांनी मिळून गच्चीवर निळी ताडपत्री अंथरली आहे, आणि त्या वेल्डरच्या सांगण्यावरून तिच्या कडा वाळूच्या पोत्यांनी दाबल्या आहेत.